इद्दतीत संपलेला व्हिसा

आपाच्या परवान्याच्या ऑनलाइन अर्जात एक रकाना होता: मुदतीपेक्षा जास्त राहण्याचं कारण. मी लिहिलं, पतीचे निधन. खरं कारण लिहायचं तर माझ्या थोरल्या भावाचं नाव घालावं लागलं असतं, आणि त्याखाली माझं.

आपा, माझी मोठी बहीण, लग्नानंतर दक्षिण आफ्रिकेला गेली आणि तिथलीच नागरिक झाली. दोन-तीन वर्षांनी नवऱ्याबरोबर दिघीजवळच्या आमच्या घरी यायची. या खेपेला व्हिसा तीन महिन्यांचा होता. तिसऱ्याच आठवड्यात दुल्हाभाई दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. गावच्याच कब्रस्तानात त्यांना दफन केलं आणि आपा इद्दतीला बसली. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, हा आमचा रिवाज. तो व्हिसाला कोण समजावणार?

तारीख मला पाठ होती. मुदतवाढीचा अर्ज करू, असं मी वेळेत बोलले. अर्जाला ताजा फोटो लागत होता. तिथंच घोडं अडलं.

"इद्दतीतल्या बाईचा फोटो? परक्या माणसांनी बघायला?" थोरले भाईजान कडाडले. "डोकं ठिकाणावर हाय काय तुझं? घरची लेक हाय ती. तिला कोण हाकलतंय?"

बैठकीतल्या सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. पलीकडच्या खोलीत बसलेल्या आपाला कुणी विचारलंसुद्धा नाही. शाळेत मी पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करते, पण त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. त्याचा राग अजून येतो, आणि तो यायलाच हवा.

इद्दत संपली, तिकीट काढलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला. "दोन महिने जास्त राहिलात. बाहेर जायचा परवाना आणा." आपा दोन बॅगा घेऊन परत घरी आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी माणगावला एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मुदत संपायच्या आत अर्ज टाकला असता तर मृत्यूचा दाखला बघून बहुतेक वाढवून दिली असती. आता दंड भरा, एक्झिट परमिट मागा, दाखला जोडा, खुलासा लिहा. जायला मिळेल. पुन्हा व्हिसा द्यायचा की नाही, ते मात्र त्यांच्या हातात."

आपानं एकच विचारलं, "मग मी यांच्या कबरीवर कशी येऊ?"

वकीलबाई कागद लावत राहिल्या.

परतताना आपाला पुढे घरी धाडून मी म्हसळ्याला उतरले आणि एका बुजुर्ग मौलानांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "गरजेच्या कामाला दिवसा बाहेर पडायची मुभा आहे, बेटी. सरकारी कागदासाठी फोटोही काढता येतो. तेव्हाच का नाही विचारलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. धर्माच्या नावानं एवढा आवाज चढवला, आणि धर्म जाणणाऱ्याला विचारायला कुणालाच सवड नव्हती! घरी येऊन भाईजानना सुनावलं. ते म्हणाले, "झालं ते झालं." जे झालं ते आपाचं झालं, यांचं काय गेलं?

परवाना आला, आपा गेली. निघण्याआधी कब्रस्तानाच्या फाटकाशी बराच वेळ उभी होती. आमच्याकडे बायकांना आत सोडत नाहीत.

यंदा तिनं व्हिसाचा अर्ज केला तो नामंजूर झाला. पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची नोंद आहे म्हणे. वकीलबाईंनी फेरविचाराचा अर्ज टाकलाय. तो फेटाळला तर हायकोर्टात जायचं. मी सोडणार नाही.

परवा आपाचा फोन आला. "यांच्या कबरीचा एक फोटो तरी धाड गं."

मी माझा मोबाइल भाईजानच्या हातात ठेवला. ते कब्रस्तानात गेले, परत आले आणि म्हणाले, "नीट आलाय काय बघ."

"नीट आलाय," मी म्हटलं. "तेव्हा तिचा असाच एक काढू दिला असतात, तर आज ती स्वतः फाटकाशी उभी असती."