सुभेदारांची वेबसाइट हलवली त्या दिवशी

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. कोणी विचारलं तर दारात सापडली म्हणून सांगतो. खरं तर ती टेबलाच्या खणात सापडली होती, आणि खण लावणारा माणूस सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. लोकांच्या वेबसाइट करून देतो, केलेल्या सांभाळतो. मी मूळचा रहिमतपूरचा. वडील शिक्षक होते, घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती. शाळेत पोरं भांडायला लागली की मी दप्तर उचलून घरी जायचो. हे आधी सांगतो, कारण पुढचं निम्मं माझ्याच हातून घडलं.

एका सकाळी पलूस तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त सुभेदार जिना चढून आले. सत्तरीला टेकलेले, पाठ अजून ताठ. त्यांच्या गावात बहुतेक घरांतून कोणी ना कोणी फौजेत गेलेलं. सुभेदारांनी चार वर्षं दारोदार फिरून प्रत्येकाचा फोटो मिळवला होता, पलटण लिहून घेतली होती, कोण कुठे लढला, कोण कुठे पडला ते विचारलं होतं. त्या सगळ्याची वेबसाइट त्यांच्या पुतण्याने करून दिली होती. पुतण्या रस्त्यांचा ठेकेदार, शिवाय गावच्या निवडणुकीत उभा राहणारा. वेबसाइट ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती, तिथला पासवर्ड त्याच्याकडेच होता.

सुभेदारांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. वेबसाइट उघडली की आधी पुतण्याच्या वाढदिवसाचा बॅनर येत होता. काळा गॉगल, हात जोडलेले, मागे शुभेच्छुकांचे चेहरे. त्याच्याखाली अर्धे झाकलेले, लढाईत गेलेल्या जवानांचे फोटो. गावातली एक म्हातारी रोज सकाळी नातीला सांगून स्वतःच्या मुलाचा फोटो बघायची. ती सुभेदारांच्या दारात येऊन म्हणाली होती, "माझ्या लेकाच्या तोंडावर कोण बसलंय?"

पुतण्याला त्यांनी तीनदा सांगून बघितलं होतं. आधी तो निवडणूक होऊ दे म्हणाला. नंतर म्हणाला, वेबसाइट मी केली, ती माझी आहे.

"दुसरीकडं हलवा," सुभेदार मला म्हणाले. "त्याच्या हाताखाली ठेवायची न्हाई."

काम अवघड नव्हतं. वेबसाइटचं नाव सुभेदारांच्याच आधार कार्डावर घेतलेलं होतं. त्याचे कागद जोडून मी जुन्या कंपनीला पत्र लिहिलं. आठ दिवसांनी त्यांनी खात्री करून खातं सुभेदारांच्या ताब्यात दिलं. एक चूक मी केली. त्या खात्यात पुतण्याचा ईमेल तसाच होता, आणि तो आधी बदलायचं माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सुभेदारांना समोर बसवून मी तो बॅनर वगळून वेबसाइट नव्या कंपनीकडे हलवायला सुरुवात केली. त्याच मिनिटाला पुतण्याच्या फोनवर सूचना गेली असणार, खाली माझ्या ऑफिसचं नाव. त्या दिवशी तो कराडला होता. साडेबाराला तो दोन माणसं घेऊन माझ्या दारात उभा होता.

त्याने पहिल्यांदा काकांकडे बघितलं. "तात्या, तुमी बाजूला व्हा," एवढंच म्हणाला. एका माणसाने मागून सुभेदारांचे खांदे दाबून त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं. पुतण्याने मला पासवर्ड मागितला. मी म्हणालो, तो सुभेदारांचा आहे, त्यांना विचारा. त्याने इतक्या जोरात कानाखाली दिली की एका बाजूने मला काही ऐकू येईना. दुसऱ्या माणसाने लॅपटॉप उचलून टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा, मग परत. पडदा तुटून लोंबायला लागल्यावर खाली टाकून त्याने तो बुटाने तुडवला.

मला तेव्हाही कळत होतं की याने काही होणार नाही. फोटो जुन्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून थेट नव्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालले होते. लॅपटॉपवर मला फक्त आकडा पुढे सरकताना दिसत होता. हे मी त्यांना सांगितलं असतं तर बोटं वाचली असती की मान मोडली असती, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. तेव्हा मी गप्प बसलो. पुतण्याला तो माज वाटला. त्याने माझा डावा हात मनगटाला धरून खणात घातला आणि गुडघ्याने खण लावला. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी ओरडलो नाही, ओकलो.

सुभेदार उठले. धरणाऱ्या माणसाने त्यांना मागे ढकललं आणि त्यांचं कपाळ भिंतीच्या कोपऱ्यावर आदळलं. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. ते बघून पुतण्या माझ्याकडे पाठ करून त्या माणसावर धावला. "तात्याला हात लावू नको म्हणलं व्हतं मी!"

ऑफिसचं शटर ओढायचा लोखंडी आकडा दाराशी उभा असतो. चार फुटी सळई, टोकाला वाक. ती माझ्या उजव्या हातात कधी आली ते मला सांगता येणार नाही. पुतण्या माझी चाहूल लागून वळला, तोंडापुढे हात धरला, आणि सळई त्याच्या कोपरावर बसली. तो खाली बसला, मग आडवा झाला. ती दोन माणसं जागची हलली नाहीत. तिथे सगळं संपलं होतं. कोणी माझ्या अंगावर येत नव्हतं.

मी परत मारलं. बघून, नेम धरून, त्याच कोपरावर. आणि मला बरं वाटलं. पोटात गार पाणी गेल्यासारखं बरं वाटलं. तिसऱ्यांदा सळई उचलली तेव्हा सुभेदारांनी माझं मनगट धरलं.

"बास. पडलाय त्यो."

आवाज ऐकून खालच्या दुकानदारांनी बोलावलेले पोलीस आले. दवाखान्यात आम्हां तिघांना एकाच व्हरांड्यात बसवलं. पुतण्याला आत नेलं. माझ्या बोटांना फळी बांधेपर्यंत चार वाजले. तेव्हा आठवलं की शेवटचं काम राहिलं आहे. वेबसाइटचं नाव नव्या जागेकडे वळवल्याशिवाय लोकांना जुनीच दिसणार होती. माझा फोन ऑफिसातच राहिला होता. सुभेदारांनी आपला फोन काढला. भुवईला टाके, शर्टावर रक्त वाळलेलं. मी एकेक अक्षर सांगायचो, फौजेत वायरलेसवर बोलतात तसं ते परत म्हणायचे. अल्फा, ब्राव्हो, डेल्टा. मग एका बोटाने टाइप करायचे. एकही चूक झाली नाही. सकाळपर्यंत गावात सगळ्यांना वेबसाइट बॅनरशिवाय दिसायला लागली.

दोन्हीकडून तक्रारी झाल्या. घरच्यांनी मध्ये पडून काही महिन्यांनी दोन्ही मिटवल्या. माझ्या जबाबात मी लिहून दिलं होतं की जीव वाचवायला मारलं. एकदा की दोनदा, ते मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सुभेदारांनी बघितलं होतं, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

दीड वर्षाने त्यांनी मला गावी बोलावलं. नव्याने भरती झालेल्या मुलांचे फोटो टाकायचे होते. मी ओसरीवर बसलो असताना पुतण्या आला. निवडणूक तो हरला होता. उजवा हात कोपरात अर्धवट वाकलेला, त्यात सळ्या घातल्या होत्या. सुभेदार आत गेले. मला वाटतं मुद्दामच गेले. तो माझ्या बोटांकडे बघत होता, मी त्याच्या कोपराकडे.

"लय दुखतंय का अजून?" त्याने विचारलं.

थंडीत दुखतं म्हणालो. मग मी जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्याला सांगून टाकलं. तुम्ही पडल्यावर मी आणखी एक मारला होता, गरज नव्हती तरी.

मला वाटलं आता अंगावर उठेल, आणि उठला असता तर मी हात आडवा धरला नसता.

"मला येकच आठवतोय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणलं व्हतं, येका फटक्यात एवढा चुरा हुत न्हाई."

आतून चहा आला. त्याने डाव्या हाताने कप उचलला. सवय झालेली दिसत होती, एक थेंबही सांडला नाही. कप खाली ठेवून तो रस्त्याच्या कुठल्या तरी कामावर जायचं आहे म्हणून उठला, आणि मी खोक्यातले फोटो काढून नावांप्रमाणे लावायला घेतले.