मागं सरणारी पोरगी

माझ्या पोरीला हसलेला माणूस मी विसरत नसते. मग तो जिल्ह्याची फुटबॉल टीम निवडणारा सर असला म्हणून काय झालं!

जुलै होता. आमच्या कामठ्याकडं धानाचा रोवणा ऐन जोरात. पोरगी चौदा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये बचावाला खेळते. शनिवार-रविवार गोंदियाला जिल्ह्याच्या मुलींची निवड होती. शनिवारी ती एकटीच ऑटोनं गेली, माझे पाय शेतात, बांधीतल्या चिखलात होते. परत आली, बूट कोपऱ्यात फेकले आणि म्हणाली, "माय, मी उद्या नाही जात."

"काऊन?"

"सर हसले. सगळ्यांसमोर."

समोरची बॉल घेऊन आली की ही अंगावर धावून जात नाही. गुडघे वाकवून, बॉलवर नजर ठेवून एकेक पाऊल मागं सरते. सवयच ती! लहानपणापासून माझ्याशेजारी धान रोवते आहे, आणि रोवणा मागं सरतच होतो; पुढं गेलात तर लावलेलं तुडवाल. सर ओरडले होते, "अरे, पीछे काहे जा रही है? धान लगा रही है क्या?" अख्खं मैदान हसलं.

माझं डोकंच फिरलं. सरांचा राग तिच्यावरच काढला. "हसले तं हसू दे ना! कोनी मारलं का तुले?" ती रडायला लागली, मग माझंच मला वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी आपल्या देशाच्या बायकांची थायलंडशी मॅच होती. जिंकलं तर आशिया कपात. मी मोबाइल भिंतीला टेकवला. ती पाठ फिरवून बसली. "हारतीनच," म्हणाली.

पानठेल्यावरचे बाप्येही हेच बोलतात. या टीमचं सगळं मला तोंडपाठ आहे, बापा. एकेकाळी आशियात दुसरा नंबर, मग वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही. आपल्याच देशात आशिया कप झाला, तर कोरोनानं मधूनच बाहेर. थायलंडला तर कधी हरवलंच नव्हतं. म्हणून काय खेळायचं सोडून द्यायचं?

एक-एक अशी बरोबरी झाली, आणि मग आपला दुसरा गोल! मी अशी ओरडले की चुलीवरचा भात उतू गेला. पोरगी वळली. त्यानंतर थायलंडवाल्या नुसत्या चालून येत होत्या. आणि आपल्या मागच्या पोरी? गुडघे वाकवून, बॉलवर नजर, एकेक पाऊल मागं.

"माय," पोरगी मोबाइलला नाक लावून म्हणाली, "ह्या तं रोवणाच करून राहिल्या!"

शिटी वाजली. दोन-एक. पात्रता फेरी खेळून भारत पहिल्यांदाच आशिया कपात गेला. पोरीनं कोपऱ्यातले बूट उचलले आणि धुवायला नेले.

रविवारी मी रोवण्याला दांडी मारून तिच्यासोबत गेले. बाया बोलल्या, बोलू देत. मैदानावर सर तिला बघून पुन्हा हसले. मी सरळ पुढं झाले. "सर, आधी आमच्या बांधीत दिवसभर वाकून मागं चालून दाखवा. मग हसा."

त्यांना ते झोंबलं. त्यांनी मुद्दाम सगळ्यांत तेज पोरगी तिच्या अंगावर सोडली. तीनदा. तिन्ही वेळा माझी पोरगी मागं सरत गेली, त्या पोरीला कडेला नेलं आणि रेषेजवळ बॉल काढून घेतला. मग कोणी हसलं नाही.

निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव सगळ्यांत शेवटी होतं. शेवटी तर शेवटी, होतं ना!

सोमवारी आम्ही दोघी बांधीत उतरलो. बायांनी तिला ओळीत मधली जागा दिली. पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी घेऊन ती वाकली आणि अशी भराभर मागं सरायला लागली की आम्हाला तिची बरोबरी करता येईना.

"हळू वो," मी म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. "तूच लवकर ये, माय."