पाच बहिणींचं वावर

इजिप्तातून सुटून रानात आलेले लोक कांद्यालसणाच्या आठवणीनं रडायला लागले, हे मी सांगितलं, त्या दिवशी वऱ्हाडातल्या बायका पहिल्यांदा माझ्याबरोबर हसल्या. त्याआधी सहा महिने त्या मलाच हसत होत्या.

"ओ माय! देवाचे लोक अन् कांद्यासाठी रडून राहिले?" एक म्हातारी म्हणाली. "आमच्या बुढ्यावानीच की वो!"

मी नगर जिल्ह्यातली. सहावीतून शाळा सुटली ती सुटलीच. पन्नासचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मिशनच्या मिसबाईंनी मला अकोल्याला नेमलं. घरोघर, खेडोपाडी जाऊन बायकांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, हे काम. आधीच्या बाईंचे गुडघे गेले होते म्हणून जागा रिकामी झाली. वर्षभर बघू, मग कायम करू, असं ठरलं होतं. सहावी नापास बाईला कोणी इतकं देतं का? मी देवाचे आभार रोज मानायची आणि रोज भ्यायचीही. आज काहीतरी चुकेल आणि उद्या मला परतीच्या गाडीत बसवतील, असं वाटायचं.

राहायला प्रार्थनामंदिरामागची एक खोली होती. रविवारी उपासना संपली की सगळी कुटुंबं एकमेकांकडे जेवायला जायची. मला कोणी बोलवत नसे असं नाही, पण मी नवी, परकी, आणि बोलायला लागले की माझ्या नगरी बोलीवर पोरं तोंडावर हात धरायची. मग मी खोलीत बसून पुढच्या आठवड्याची गोष्ट मोठ्यानं म्हणून बघायची. कधीकधी दिवसभरात तेवढाच माझा आवाज माझ्या कानावर पडायचा.

नेमून दिलेले धडे होते, पण बायका त्यात रमत नसत. रानातल्या चाळीस वर्षांच्या गोष्टी मात्र त्यांना घरच्या वाटायच्या. पाणी नाही, रोज तेच खाणं, चालून चालून पाय सुजलेले, आणि त्यांना सोडवून आणणाऱ्या मोशेच्या नावानं कुरकुर. तेव्हा मी नेमलेले धडे थोडे बाजूला ठेवले आणि मोशेच्या पुस्तकांत शिरले. कोणाला विचारलं नाही.

अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या मोटारीनं मी गुरुवारी एका गावी उतरायची. रस्त्यापासून गाव कोसभर आत. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी ओसरीवर चार-पाच बायका जमायच्या. त्यांत त्या शेतकऱ्याचीच चाळिशीची मुलगी होती. नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून ती लहानपणीच बापाकडे परत आलेली. मी तिला आमच्याकडच्या सवयीनं अक्का म्हणायची. ती कधी खाली बसत नसे, दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. मी निघाले की न बोलता गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत यायची. त्या मुलखात मला पोचवायला येणारं ते एकच माणूस.

त्या दिवाळीत तिचा बाप वारला. भाऊ नव्हता. बापाचा हिस्सा कधीचा वेगळा झालेला, काळ्या मातीचं बारा एकर वावर. पण बाप थकल्यापासून चुलत भावानं पेरणी करता करता ते आपलंच करून टाकलं होतं. त्याची बायको घरात आली आणि अक्का आपल्याच घरी तिच्या हाताखाली भाकरी थापायला लागली.

कापसाची वेचणी संपत आली होती, तेव्हा मी पाच बहिणींची गोष्ट सांगितली. रानात त्यांचा बाप मेला. भाऊ नाही. जमिनीची वाटणी ठरायला लागली तेव्हा त्या पाचीजणी देवाच्या तंबूच्या दारात, मोशेसमोर, पूजा करणाऱ्या याजकासमोर, सगळ्या पंचांसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव काय म्हणून पुसायचं, आम्हाला वाटा द्या, म्हणाल्या. मोशेला उत्तर सुचेना. त्यानं देवाला विचारलं. देव म्हणाला, पोरी बरोबर बोलतात.

"वावर कुठी होतं थे?" एकीनं विचारलं.

"अजून मिळालं नव्हतं. पुढं मिळायचं होतं."

"घ्या! नसलेल्या वावराची भांडणं!" सगळ्या हसल्या.

अक्का हसली नाही. चौकट सोडून ती पहिल्यांदाच खाली बसली. "मंग त्याइले भेटलं का वावर?"

"भेटलं."

"असं बोलून भेटलं, का लिवून देल्लं?"

"लिहून दिलं. कायदाच केला. मुलगा नसला तर मुलीला."

त्या दिवशी नाल्यापाशी ती म्हणाली, "चांदूर बाजारले माहा मामा हाय. त्याच्या वळखीचा अमरावतीले वकील हाय. मी जाऊन येतो." आणि थोड्या वेळानं, "पाच होत्या वो थ्या. मी एकटीच हावो."

ती गेलीही. वकिलानं सांगितलं, सरकारचा नवा कायदा झाला आहे, बापाचा हिस्सा वेगळा होता, तेव्हा वावर तुझं. पटवाऱ्याकडे अर्ज गेला. हे तिनं मला नाल्यापाशीच सांगितलं, आणि माझी छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडचं बोलणं कोणाच्या तरी कामी आलं होतं.

मग अमरावतीला आमची वार्षिक परीक्षा आली. सगळ्या गावच्या आमच्यासारख्या बाया तिथं जमायच्या आणि पाळकसाहेब तोंडी विचारायचे. अभ्यासाला म्हणून मी पाच बहिणींची गोष्ट असलेलं ते पुस्तक शेवटपर्यंत वाचायला घेतलं. अगदी शेवटच्या अध्यायात त्या बहिणी परत आल्या. कुळातले पुरुष मोशेकडे तक्रार घेऊन गेले होते: या पोरी बाहेर लग्न करतील, आमच्या कुळाचं वावर दुसऱ्यांकडे जाईल. मग ठरलं की पोरींनी कुळातच लग्न करावं. आणि पाचीजणींनी चुलत भावांशी लग्नं केली.

ज्या घरात चुलत भाऊ म्हणजे भाऊच, ज्याला राखी बांधायची, त्या घरात मी ही गोष्ट सांगून आले होते. तीही अर्धी. आणि त्या अर्ध्या गोष्टीच्या जोरावर एक बाई सगळ्या गावाच्या विरुद्ध उभी राहिली होती.

मिसबाईंना सांगितलं. वाटलं, आता गाठोडं बांधावं लागणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या त्या मोजूनमापून येणाऱ्या मराठीत म्हणाल्या, "हा धडा नेमलेला नव्हता."

"नाही, बाई."

"अर्धा सांगितला, तर पूर्ण सांगावा लागेल. तुम्हाला भीती वाटते, हे कारण पुरेसं नाही." आणि आपल्या किटलीतला चहा त्यांनी मला स्वतः ओतून दिला. त्या चहाचे उपकार मी अजून विसरले नाही.

खरं तर अक्काला एकटीला गाठून सांगायला हवं होतं. पण भित्र्या माणसाला एकदा खरं बोलायचं ठरवलं की धीर धरवत नाही. गुरुवारी ओसरीवर सगळ्या तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या, चुलत भावाची बायकोही होती, आणि मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं.

सुपं थांबली.

"चुलत भावासंगं?" ती भावजय म्हणाली. "बापा, बापा! असा देव हाय का यांचा? अन् आमच्या ननदबाई त्याच्याच भरवशावर वावर मांगून राहिल्या. काहो बाई, आता माह्याच नवऱ्याले करता का?"

कोणी हसलं नाही. मी खाली बघत होते. अक्का मात्र डाळ निवडत राहिली. मग सावकाश म्हणाली, "त्या पोरीइचं लगन व्हायचं होतं, म्हून थो कायदा. वावर बाहीर जाऊ नये म्हून. माहं लगन कवाच होऊन गेलं, अन् मोडलं. मी कुठी चालली वावर घेऊन? मले पयलाच कायदा लागते. दुसरा नाई लागत."

सहावीपर्यंत शिकलेल्या मला हे सुचलं नव्हतं. पाळकसाहेबांनीही असं उलगडून सांगितलं नव्हतं. जिला अक्षरओळख नाही, त्या बाईनं शास्त्रातला कायदा कोणाला लागतो आणि कोणाला नाही ते दोन वाक्यांत वेगळं केलं.

पण गावात गेलं ते तिचं बोलणं नाही, भावजयीचं. पुढच्या गुरुवारी ओसरी रिकामी होती. त्यानंतर दोन आठवडे दारं लागलेली. चुलत भाऊ सांगत सुटला होता की बहीण बाटणार, वावर मिशनच्या घशात जाणार.

चौथ्या गुरुवारी मी मोटारीतून उतरले तर अक्का रस्त्यावरच उभी. कोसभर चालत आलेली.

"वावरावर माहं नाव चढलं," ती म्हणाली. "पण हरकतीचे दिवस बाकी हायेत. वकील म्हने, मिशनची बाई घरी दिसली का केस बिघडते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुमी आता येऊ नोका, बाई."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिचं बरोबर होतं. तिनं मागितलं होतं ते तिला मिळत होतं, आणि त्यात मी अडचण होते. "दिवस संपले की येऊ?"

"मी निरोप धाडीन." तिलाही ठाऊक होतं, मलाही, की निरोप येणार नाही. त्याच गावात, त्याच भावजयीशेजारी तिला जन्म काढायचा होता.

परतीची मोटार दीड तासानं होती. मला वाटलं ती जाईल, पण ती बाभळीखाली बसली आणि मलाही बसायला जागा केली. सवयीनं मी एक गोष्ट काढली. तिनं हातानं थांबवलं.

"नाई. तुमचं सांगा. तुमाले बाप हाय?"

"वारला. तीन वर्षं झाली."

"वावर?"

"होतं थोडं. बरड."

"भाऊ?"

"एक आहे. त्याचं लग्न झालं, घर लहान पडायला लागलं."

ती हिशेब लावल्यासारखी रस्त्याकडे बघत राहिली. त्या पाच बहिणींच्या कायद्यात मला कुठं बसवता येतं का, ते ती शोधत होती, हे मला कळत होतं. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ हाय म्हंता... मंग नाई लागत वो तुमाले."

"नाही लागत," मी म्हणाले.

तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. कापूस वेचून वेचून तिची बोटं चिरलेली होती. मोटारीची धूळ लांबून दिसायला लागली तरी तिनं हात सोडला नाही. गाडी समोर येऊन उभी राहिली तेव्हा सोडला, पदर सारखा केला आणि मागं न बघता गावाच्या वाटेला लागली.