सेमारांगचा लाल ठिपका

मन्मथ सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारात मेथीवाल्या बाईशी हुज्जत घालत होतो. जुडीत निम्मं गवत होतं आणि बाई ते मान्य करायला तयार नव्हती. फोनवर सरांच्या पत्नी, सुभद्रावहिनी होत्या. आमच्या तीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी स्वतः होऊन मला कधी फोन केलेला नव्हता. "सर, या. हे गेले," एवढंच म्हणाल्या. मेथी तिथंच टाकली, आधी घरी गेलो, कपाटातून एक कागद काढून शर्टाच्या खिशात घातला आणि मग सरांच्या गावी, ईटला जाणारी जीप पकडली. त्या कागदाविषयी सांगण्यासाठीच आज, दीड महिन्यानं, हे लिहायला बसलोय. पण सर म्हणायचे तसं, आधी नकाशा, मग मुद्दा.

ईटच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी चित्रकला. सगळी शाळा मला ड्रॉइंग सर म्हणायची, हे मात्र पहिल्या दिवसापासून 'रंगारी' म्हणाले ते शेवटपर्यंत. भारी तिरकस माणूस. पोरांना समुद्राच्या भरती-ओहोटीचा धडा असा रंगवून सांगायचे की मागच्या बाकावरचा झोपाळूही जागा व्हायचा, आणि स्वतः मात्र जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "तुम्ही वाघाचं चित्र काढता, तेव्हा वाघ येऊन बसतो का समोर?" त्यांना एकुलता एक मुलगा होता, विरेश. आयटीआय केलं, मग मुंबईला जाऊन कसला तरी कोर्स केला आणि मालवाहू जहाजाच्या इंजिनात कामाला लागला. ईटचं पोरगं जहाजावर, या गोष्टीचं सरांना इतकं कौतुक की वर्गात जगाचा नकाशा टांगला की आधी विरेश कुठं आहे ते दाखवायचे आणि मग धडा सुरू करायचे.

बारा वर्षं झाली. जहाज जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्याला सेमारांग नावाच्या बंदरात होतं, तिथं विरेशला ताप भरला. त्याला दवाखान्यात ठेवलं आणि जहाज पुढं गेलं. त्यानं तिथून एकदा फोन केला. "पप्पा, खिडकीतनं चिंचेचं झाड दिसतंय, अगदी आपल्या रानातल्यासारखं," असं म्हणाला. तोच शेवटचा फोन. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत जहाज कंपनीच्या एजंटाचा फोन आला, सर टीचर्स रूममध्ये उभे होते आणि मी शेजारी डबा उघडत होतो. पोरगं गेलं होतं. प्रेत इकडं आणायला कागदपत्रांत किती आठवडे जातील याचा नेम नव्हता. एजंट विचारत होता, तिथंच दहन करून अस्थी पाठवू, की तिथंच पुरू? आत्ताच्या आत्ता सांगा. सरांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "रंगारी, काय सांगू?"

त्यांचं घर लिंगायत. त्यांच्यात माणसाला मातीत बसवतात, जाळत नाहीत. मी म्हणालो, "सर, तुमच्यात जे करतात तेच सांगा." मला काय कळत होतं? मला वाटलं, अशा वेळी माणसानं रिवाजाला धरून राहावं, निदान तेवढा तरी आधार. सरांनी फोनवरचा हात काढला आणि सांगितलं, "दफन करा." दहन सांगितलं असतं तर महिन्याभरात पोरगं डब्यातून का होईना घरी आलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर रोज सुचत राहिलं.

त्यानंतर सर सेमारांगच्या मागं लागले. पोराच्या जागेची माहिती नको का, म्हणायचे. धाराशिवच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे, वाशीतल्या इंटरनेटवाल्या पोराकडून पानंच्या पानं छापून आणायचे आणि मला ऐकवायचे. ऐकून ऐकून आता ते शहर मलाही आपल्या तालुक्याच्या गावासारखं पाठ झालंय. नावातच चिंच आहे, तिथले लोक म्हणतात की लांब लांब उभ्या असलेल्या चिंचांवरून गावाला नाव पडलं. मागं डोंगर, पुढं समुद्र आणि मधे नदीनं आणून टाकलेल्या गाळाची सपाटी. चिनी गल्ली, अरबांची वस्ती, गुजरातेतून गेलेल्या व्यापाऱ्यांची मशीद. डचांनी गोदामं बांधली, घुमटाचं चर्च बांधलं आणि जावातली पहिली आगगाडी याच गावातून सोडली, साखर वाहायला. किनारा इतका उथळ की मोठी जहाजं लांबच थांबायची आणि माल होड्यांतून यायचा. "दोन हजार वर्षांमागं आपल्या तेरचा माल गाढवा-बैलांवरून बंदराला जायचा, तो पुढं कुठकुठं गेला असेल?" असं म्हणून सर बोट नकाशातल्या तेरवरून उचलायचे आणि जावावर टेकवायचे. मधला समुद्र एका उडीत पार!

एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगायचे. कोणे एके काळी चीनचा मोठा ताफा त्या किनाऱ्यानं चालला होता. त्यातला एक सारंग, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा, आजारी पडला, म्हणून ताफा थांबला. त्याला एका गुहेत ठेवला, सोबत चार माणसं दिली आणि ताफा पुढं गेला. तो सारंग बरा झाला. तिथंच राहिला, जमीन कसली, होड्या बांधल्या, म्हातारा होऊन मेला. आज त्या गुहेपाशी मोठं मंदिर आहे, चिनी आणि मुसलमान दोघंही येतात. "आजारी खलाशाला उतरवून घेणारं गाव आहे ते, रंगारी," सर म्हणायचे. "तो बरा झाला..." आणि तिथंच थांबायचे. पुढचं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

त्यांच्या सांगण्यावरून मी मांजरपाटाच्या कापडावर सेमारांगचा नकाशा काढला, दीड पुरुष लांब. डोंगर तपकिरी, वस्ती पिवळी, समुद्र निळा. आणि खाडीच्या बाजूला, परमुलखातल्या लोकांसाठी ठेवलेल्या कबरस्तानाच्या कोपऱ्यात, एक लाल ठिपका. तो ठिपका सरांनी स्वतःच्या हातानं दिला. विरेशच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ असलेली सिती नावाची नर्स दरवर्षी फोटो पाठवायची. पहिल्या फोटोत मातीचा उंचवटा आणि त्यावर फुललेला चाफा. त्यांच्याकडं कबरस्तानात चाफा लावतात म्हणे. वहिनींनी तो फोटो डब्यात ठेवला आणि सर पासपोर्टचे फॉर्म भरायला लागले. पासपोर्ट आलाही. पण त्या वर्षी वहिनींचं ऑपरेशन, मग सरांचे गुडघे, मग कोरोना... त्या वहीची मुदत एकही शिक्का न पडता संपली.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फोटोत पाणी दिसलं. पावसाचं नव्हे, समुद्राचं. भरतीला आत यायचं आणि ओहोटीला पुरतं परत जायचं नाही. सरांनी कारण शोधून काढलं आणि नकाशासमोर उभं राहून मला वर्गातल्यासारखं समजावलं. गाळावर वसलेलं शहर, कारखान्यांनी आणि घराघरांनी खालचं पाणी उपसलं, म्हणून जमीन खचत चाललीय. लोक दरवर्षी घरात भराव टाकून फरशी वर उचलतात, दारं तेवढीच राहतात, आणि माणसं स्वतःच्या घरात वाकून शिरतात. "आपल्याकडं बोअर मारला तर धुरळा निघतो, तिथं बोअर मारला तर समुद्र घरात येतो," ते म्हणाले आणि हसले. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

मग दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मला बोलावणं यायचं. निळा रंग घेऊन या. सिती कळवायची त्याप्रमाणं मी किनारा आत सरकवायचो. एकदा मला त्यांची दया आली आणि मी रेघ थोडी अलीकडंच थांबवली. लगेच कडाडले, "रंगारी, चित्र खोटं चालतं. नकाशा खोटा काढायचा नाही!" पुसून परत काढायला लावली. पुढच्या फोटोंत चाफा वाळलेला, मग नुसतं खोड. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत पाणीच पाणी होतं आणि फ्रेमच्या कडेनं सितीचं एक बोट, 'इथं' म्हणून दाखवणारं. मी रंग कालवला. पिवळ्यावरून निळा ओढत ओढत ठिपक्यापाशी आलो आणि सरांनी माझं मनगट धरलं. "एवढं राहू द्या," म्हणाले. जन्मभरात त्यांनी चालवून घेतलेला तेवढा एकच खोटा नकाशा.

त्याच दिवाळीत त्यांनी मला तो कागद दिला. भूगोलाच्या वहीचं पान, वळणदार अक्षर. 'माझ्या पश्चात मला मातीत न बसवता दहन करावे. रक्षा समुद्रात सोडावी. कोणत्याही समुद्रात चालेल, सर्व समुद्र एकमेकांस मिळालेले असतात.' खाली सही आणि सहीखाली 'भूगोल शिक्षक (निवृत्त)'. मी म्हणालो, "अहो, हे घरच्यांकडं द्या." तर म्हणाले, "घरी दिला तर देवाच्या फोटोमागं जाईल. तुम्ही माझ्यासाठी भांडाल, म्हणून तुमच्याकडं. एजंटाला दफन सांगितलं ना मी... मातीनं धरून ठेवला नाही हो त्याला." मी कागद घेतला. भांडीन म्हणालो. भांडखोर म्हणून माझी ख्याती, मेथीवालीलाही सोडत नाही मी.

तर, ईटला पोचलो. सरांना खुर्चीत बसवलं होतं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, मांडीवर बेल. स्वामी आले होते, टाळ वाजत होते, भावकी जमली होती. रानात खड्डा खणून झाला होता. दाराशी सरांचे थोरले भाऊ आण्णा काठी टेकून बसले होते, ऐंशीला टेकलेले. मी वाकून म्हणालो, "आण्णा, सरांनी एक लिहून ठेवलंय..." त्यांनी मान वर केली. डोळे सुजले होते. "सर, आता काय वाचायची येळ हाय का? खड्डा झालाय. न्यायचंय त्याला." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मी खिशावर हात नेला. आजूबाजूला सगळे त्यांचे लोक, मी परका, परजातीचा, आणि बापाइतक्या म्हाताऱ्याला मी सांगणार की तुमच्या भावाला तुमच्या रीतीनं नेऊ नका? मी हात खाली घेतला. "काही नाही, आण्णा," म्हणालो. मग मीही खांदा दिला, मीही मूठभर माती टाकली. कागद खिशात घामानं ओला झाला होता.

पंधरा दिवसांमागं वहिनींना भेटायला गेलो. चिंचा फोडत बसल्या होत्या, एका बाजूला गर आणि दुसऱ्या बाजूला चिंचोके. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग हातातली चिंच खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "सर, त्या दिशी खिशात काय व्हतं?"

मी कागद काढून दिला. चौथी शिकलेल्या, पण एकेक अक्षर लावत पूर्ण वाचला. घडी घालून गुडघ्याखाली ठेवला.

"मला म्हाईत व्हतं," म्हणाल्या. "माझ्यापाशीबी बोलले व्हते. मला कोन ईचारतंय त्या गड्यांत? तुमचा हात खिशाकडं गेला तवा वाटलं, आता सर बोलत्याल. म्या वाट बघत व्हते तुमी बोलताल म्हनून..."

"चुकलो, वहिनी," म्हणालो. त्यांनी हातातली चिंच फोडली, चिंचोका वेगळा केला. मग म्हणाल्या, "एक पान्यात न् एक रानात. आता कसली भेट." आणि मी उठलो तेव्हा भिंतीकडं बोट केलं. "त्यो नकाशा घिऊन जा तुमचा. ठिपका निळा करून टाका. मला बघवत न्हाय."

नकाशा आता वाशीला, माझ्या खोलीत आहे. सरांनी लावलेले खिळेसुद्धा वहिनींनी पुडीत बांधून दिले. रोज सकाळी चहा झाला की वाटीत निळा कालवतो, ब्रश भिजवतो आणि नकाशासमोर उभा राहतो. कानात सर ओरडतात, खोटा नकाशा काढायचा नाही. ब्रश ठिपक्यापर्यंत नेतो. मग वाटीतला रंग मोरीत ओततो. पहिल्यांदा बोलायला नको होतं तेव्हा बोललो, दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसलो, आणि आता नुसता एक ठिपका बुडवायचाय, तर तेही माझ्या हातून होत नाही.