गुलाबी फुलं उसवली तेव्हा

दिग्रसला सत्यशीलाताईंच्या भरतकामाच्या क्लासात पहिला महिनाभर सुई हाती लागत नाही. नुसतं बघायचं. ताई पिशवीतून कधी पळसाचं पान काढतात, कधी सुगरणीचं घरटं. "आधी बघायला शिका," म्हणतात. ताई शिंप्याची पोर, सगळं आयुष्य बाजारपेठेत गेलं. शेताशी संबंध एसटीच्या खिडकीपुरता. पण त्यांनी भरलेल्या खंड्याच्या छातीवरून हात फिरवावासा वाटतो, हे खोटं नाही.

गेल्या दसऱ्याआधी यवतमाळच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकीनं एकेक रुमाल भरायचा होता. आमच्यात तुळसाबाई होती, पन्नाशीची, निंदायला-वेचायला जाणारी. तिनं धुवट लुगड्याच्या तुकड्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, भरून आणली. एकाच फांदीवर काही फुलं पिवळी, काही गुलाबी.

ताईंनी रुमाल सगळ्यांसमोर धरला. "एका झाडाला दोन रंगांची फुलं? तुळसाबाई, हे झाड आहे की सरडा?"

"बाई, पराटीचं फूल आज पिवयं रायते, उद्या गुलाबी होते."

"मनानं काही भरायचं नाही. गुलाबी उसवा."

ताईंसकट सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. तुळसाबाईनं मान खाली घालून फुलं उसवली. कापड जुनं, त्याची चाळणी झाली. प्रदर्शनाला जाण्याजोगा तो रुमाल उरलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून तीही आली नाही.

ताईंना मात्र चैन पडेना. रविवारी त्या गावाबाहेरच्या एका शेतात जाऊन उभ्या राहिल्या. सोमवारी क्लासात आल्या त्या पऱ्हाटीची फांदी घेऊनच. एक फूल पिवळं, शेजारचं गुलाबी.

"मी चुकले," त्या उभ्यानंच म्हणाल्या. डोळे सुजलेले होते. "जन्मभर बघा बघा म्हणत आले, आणि जिनं खरंच बघितलं तिचीच चार बायांत फजिती केली. आत्ता तिच्या घरून येते आहे. माफी मागितली. तिनं मलाच चहा पाजला. म्हणाली, 'राग नाई बाई, पण आता सुई धराले मन होत नाई.' "

ताईंनी विचारलं, "तुमच्यात कापूस कुणाकुणाकडे आहे?"

एकही हात वर होईना. शेवटी माझाच झाला, अर्धामुर्धा.

"किती गं, वैष्णवी?"

"सात एकर."

"म्हणजे तुला माहीत होतं."

होतं. पाचवीपासून मी वेचणीला जाते. पण क्लासात मी कॉलेजची वैष्णवी होते; शेतातली वैष्णवी मी चपलेसारखी दाराबाहेर काढून यायची. तुळसाबाईच्या बाजूनं बोलले असते तर तिच्या रांगेत बसले असते. हे तोंडानं कसं सांगणार? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याजवळ येऊन खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी अडाणीपणानं हसले गं. तू कायले हसलीस?"