पाकिटावरची सही

तीन वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात कोर्टासाठी इंग्रजीत लिहून दिलं, पण त्यात काय घडलं एवढंच आहे. का, ते वकीलबाईंनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगते — मराठीत, कारण स्वतःशी खोटं बोलले तेही मराठीतच.

अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलच्या घरात, बेसमेंटमध्ये, दमीर दोन वर्षं भाड्याने राहत होता. मास्टर्स करायला आलेला मुलगा. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही, त्याची आई अजून तिथेच आहे. तो इकडे असताना तिथल्या सरकारने कायदा आणला — पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा, आणि अशा माणसांना थारा देणं हाही गुन्हा. फोन तपासून लोकांना उचलायला लागले. दमीरच्या एका मित्राला उचललं, तो परत आला नाही. मग दमीरने इथे आश्रय मागणारा अर्ज केला. कारण इल्या त्याच्याबरोबर राहत होता — आमच्याच बेसमेंटमध्ये, त्याच खोलीत.

मला माहीत होतं का? सगळ्यांना वाटतं, नव्हतं.

बरं, मग मी खाली डबा पाठवायचे तो दोघांचा का असायचा? आणि सत्यनारायणाचं काय? दोघं वर आले होते, दमीर एकटाच पुढे होऊन वाकायला लागला, तर मीच म्हणाले, "अरे, जोडीने करा नमस्कार. डू इट टुगेदर." लग्न झालेल्यांना सांगतो तसं. मला कुणी सुचवलं होतं? कुणीच नाही. दोघं एकदम वाकले, डोकी आपटली, मी हसत दोघांच्या हातांवर शिरा ठेवला. त्या दिवसापासून दोघं मला मावशी म्हणायला लागले.

अर्जासोबत घरमालकिणीचं पत्र जोडायचं होतं. तेव्हा त्याने वकील केला नव्हता. त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं — हे दोघं माझ्या घरात जोडपं म्हणून राहतात.

मी पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात बारा वर्षं शिकवलंय. अमेरिकेला निघालेल्या पोरांची शिफारसपत्रं ढिगाने लिहिली. पत्र पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही ठोकायची. पोराने उघडलं की पत्राची किंमत गेली. दमीरलाही मी तसंच बंद पाकीट दिलं आणि तोच नियम सांगितला. असा नियम इथे नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तसंच अर्जाला जोडलं.

आत लिहिलं होतं — दमीर शांत, कष्टाळू, निर्व्यसनी मुलगा आहे. एकटा राहतो. इल्या नावाचा मित्र कधीमधी अभ्यासाला येतो. त्याखाली, हे खोटं निघाल्यास मी शिक्षेस पात्र आहे, आणि माझी सही.

मुलाखतीत अधिकाऱ्याने ते त्याच्यासमोर वाचून दाखवलं. ज्यांच्या घरात राहता त्याच असं म्हणतात, मग तुमचं कसं खरं मानायचं? अर्ज नाकारला, प्रकरण कोर्टात गेलं. तिथे हरला तर त्याला परत पाठवणार.

त्या संध्याकाळी तो ट्रेनने घरी आला. मी म्हणाले, मला वाटलं असं लिहिलं की तू सभ्य दिसशील, आमच्याकडे अशीच पत्रं लिहितात. रडलेसुद्धा. त्याने मला पाणी आणून दिलं. "इट्स ओके, मावशी. यू डिडन्ट नो." आणि मी ते पाणी प्यायले. मी नाही त्यातली, कडी लाव आतली — ही म्हण आयुष्यभर मी दुसऱ्या बायकांना लावत आले.

आमचं ग्रीनकार्ड अडकलं होतं, म्हणून घाबरले — असं म्हणता येईल. थोडं खरंही आहे. पण थोडंच. मला ते दोघं घरात चालत होते, प्रसादाला चालत होते. माझ्या सहीच्या वर, सरकारी कागदावर नको होते. उद्या इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलंच, तर "आम्हाला काय माहीत" म्हणायची सोय मला ठेवायची होती. त्याच्या देशात गप्प बसणाऱ्याला निदान तुरुंगाची भीती असते. मला कुणाची होती? हळदीकुंकवाला येणाऱ्या चार बायकांची. मला माझी लाज वाटते.

आता त्याला वकील मिळाली आहे, आणि ती माझ्याकडे आली. माझा नवरा सुधीर म्हणाला, "मिसअंडरस्टँडिंग झालं म्हण ना. आपलं ग्रीनकार्ड अजून पेंडिंग आहे." पण गैरसमज म्हटलं की जज विचारणार, आधीचं पत्र खरं की आताचं? म्हणून मी सरळ लिहिलं — मला माहीत होतं, मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. जोडीने नमस्काराचंही लिहिलं. त्यापायी आमच्या ग्रीनकार्डचं जे काही होईल ते मी बघून घेईन.

या वेळी पाकीट नव्हतं. दमीर आला, आमच्या किचनच्या टेबलाशी बसून त्याने सगळं वाचलं. नमस्काराच्या ओळीवर थांबला. मग दुसऱ्यांदा पहिल्यापासून वाचलं. इल्याच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तेवढं पेनने दुरुस्त केलं. मी चहा ठेवते म्हणाले, तो नको म्हणाला.

"थँक यू, मिसेस जोशी," म्हणाला, आणि गेला.

गुरुवारी सुनावणी आहे. मी सकाळच्या पहिल्या ट्रेनने निघणार आहे.