पाठीवर घेतलेलं खोगीर

भवानी पेठेत शहाजी घोडीवाल्याचं घर विचारा, शेंबडं पोरसुद्धा दाखवील, आणि दाखवताना हसेल. त्या हसण्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच बिघडलं.

शहाजीचे वडील रावजी वैरागहून सोलापुरात आले ते एका घोडीच्या बळावर. वरातीला घोडी द्यायची, हा धंदा. आषाढ लागला की मुहूर्त संपतात ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. लोकांना वाटतं, घोडीवाला तेवढे महिने तंगड्या पसरून झोपतो. रावजी म्हणायचे, खरं काम तर आता. पावसानं उघडीप दिली की ते खोगीर सुटं करत. रिठ्याच्या पाण्यात फडकं पिळून कातडं पुसायचं, सावलीतच वाळवायचं, मग करंजाचं तेल बोटानं चोळायचं, जिरेल तेवढंच. लगाम, रिकिबीचे पट्टे, घोडीच्या पोटाखालून आवळायचा तंग, सगळ्याची शिवण नखानं ओढून बघायची. आणि शेवटी परीक्षा. रावजी अंगणात उघड्या अंगानं हात-गुडघे टेकून घोडा होत, खोगीर स्वतःच्या पाठीवर घेत आणि बायकोला, सारजाबाईंना, वर बसवत.

"टोचतंय का वो?" त्या वरून विचारायच्या.

"न्हाय" असं उत्तर आल्याशिवाय त्या उतरायच्या नाहीत, आणि त्याशिवाय ते खोगीर घोडीच्या पाठीला लागायचं नाही. नुसतं हातानं दाबून काही कळत नाही, माणसाचं वजन पडलं की आत लपलेलं बाहेर येतं, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. गल्ली पोट धरून हसायची. "हसूद्या की," रावजी म्हणायचे, "घोडीला सांगता येत न्हाय, मला येतंय."

वडिलांमागं शहाजी आणि त्याची बायको अंबुबाई यांनी ही रीत पंचवीसेक वर्षं चालवली. मग तीन वर्षांपूर्वी समोरच्या माडीवरून कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. खाली घोडा झालेला शहाजी, वर पदर सावरत बसलेली अंबुबाई, आणि मागं बँडचा आवाज जोडलेला. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या पेठेत फिरलं. अंबुबाई स्वतः ते बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. शहाजीला मात्र ते फार लागलं. चहाच्या गाड्यावर कुणी "काय शहाजीराव, आज मोकळेच?" म्हटलं की त्याचे कान तापायचे. त्या सालापासून परीक्षा बंद झाली. वर त्यानं खोगिराला आरशांचं लाल मखमली आवरण कायमचं शिवून घेतलं, फोटोत झकास दिसतं म्हणून. आता खोगीर उघडायचं तर सगळी शिवण उसवावी लागणार. तेव्हा पावसाळ्यात दिसतं तेवढं पुसायचं, रिकिबी चिंचेनं चकचकीत करायच्या, झालं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्याची घोडी शेवंती. पांढरीशुभ्र आणि इतकी गरीब, की कानाशी फटाक्यांची माळ लावली तरी नुसती पापणी हलवायची. सहा वर्षं तिनं पेठेतल्या निम्म्या नवरदेवांना मिरवलं. गेल्या वर्षी माघात पहिल्यांदा एक नवरदेव वर बसताच तिनं उडी घेतली. पुढं खोगीर दिसलं तरी ती कान मागं टाकू लागली.

"अवो, तिला कायतरी दुखतंय बगा," अंबुबाई म्हणाली.

"दुकतंय कुटलं? माजलीय."

खरारा करताना तिच्या पाठीवर त्याच्या बोटांना एक गाठ लागली होती. गोमाशी चावली असेल म्हणून त्यानं हात पुढं नेला. हे त्यानं पुढं कितीदा तरी आठवलं. हात तिथं थांबला होता आणि त्यानं तो मुद्दाम पुढं नेला होता. मुहूर्तांची दाटी होती, दुसरं काय.

वैशाखात व्हायचं ते झालं. भर वरातीत शेवंती दोन पायांवर उभी राहिली, नवरदेव रस्त्यावर पडला, हात मोडला. चारशे माणसं बघत होती. शहाजीनं लगामाचा पट्टा काढला आणि तिच्या तोंडावर मारला. एकदा नाही, तीनदा. ती पळाली नाही, चावली नाही, डोळे मिटून उभी राहिली. आठ दिवसांत त्यानं तिला अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातल्या गुरुबसप्पा नावाच्या शेतकऱ्याला विकून टाकलं. जाताना दारात ती मान वळवून थांबली, तेव्हा हा आत पाणी प्यायला गेला.

आषाढात घर रिकामं वाटायला लागलं. दिवाळीला नवी घोडी घ्यायची म्हणून शहाजीनं खोगीर बाहेर काढलं, तर मखमलीला बुरशीचा वास. त्यानं शिवण उसवली. आतलं कातडं तेलावाचून पापडासारखं कडक झालेलं, लाकडी सांगाड्याला चीर गेलेली. हात फिरवला, काही लागलं नाही. दाबलं, तरी काही नाही. मग त्यानं दाराला कडी घातली, सदरा काढला आणि घोडा झाला.

"बस."

अंबुबाई वर बसली. पुढच्या क्षणी तो ओरडून पालथा पडला. पाठीवर रक्ताचा थेंब होता. चिरलेल्या लाकडातून एक खिळा सुटून खाली सरकला होता. एरवी तो अस्तरात दडून राहायचा, वजन पडलं की ज्वारीच्या दाण्याएवढं टोक बाहेर यायचं, बरोबर त्या गाठीच्या जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती त्यानं स्वतःच्या हातानं दिली होती. जमिनीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. अंबुबाई त्याच्या पाठीला हळद लावत राहिली.

पंधरा दिवस राबून त्यानं खोगीर नीट केलं. नवा सांगाडा, नवं अस्तर, मखमल काढून चुलीत. रोज अंबुबाईला बसवून तपासलं. मग खोगीर पोत्यात बांधून एसटीनं गुरुबसप्पाच्या गावी गेला. घोडी परत मागायची, एवढंच डोक्यात होतं.

गुरुबसप्पानं घोडीला खोगीरच घातलं नव्हतं. पाठीवर घोंगडं टाकून तो शेतावर जायचा.

"गाट हुती की पाठीवर," तो म्हणाला. "आमी पैल्या दिवशीच हळद भरली. तुमाला हाताला लागली न्हाय का, पावणं?"

शहाजी खाली बघत म्हणाला, "लागली हुती."

गुरुबसप्पानं त्याच्या पोत्याकडं बघितलं. मग म्हणाला, "लई वाटत आसंल तर न्या. आडवत न्हाय मी. पर आदी तिला इचारा." आणि त्यानं हाक मारली, "बारव्वा, बारव्वा!" 'ये गं माय' अशा त्या कानडी हाकेला ओ देत शेवंती डुलत आली. शहाजीला बघून थबकली, पण आली. त्याचा हात हुंगून तिनं खांद्यावर मान ठेवली. त्याला भरून आलं. घाईघाईनं त्यानं पोतं सोडलं.

कातड्याचा वास आला आणि ती मागं सरली. खोगीर दिसताच गोठ्याच्या भिंतीला अंग घासत कोपऱ्यात गेली आणि थरथरत डोळे मिटून उभी राहिली. वरातीत उभी राहिली होती, अगदी तशीच.

"न्हाय नेत," शहाजी म्हणाला. "हितंच ऱ्हाऊ द्या तिला, आप्पा." त्यानं पोत्याचं तोंड बांधलं आणि पुन्हा तिच्या जवळ न जाता वाट धरली.

नवी घोडी त्यानं घेतली नाही. आता तो कुणाच्या तरी जनावरांची राखण करतो. खोगीर मात्र घरात खुंटीला आहे. पुढच्या आषाढात उघडीप मिळाली तसं त्यानं ते उतरवलं, पुसलं, तेल दिलं, आणि दार सताड उघडं ठेवून अंगणात घोडा झाला. समोरच्या माडीवर एक मोबाइल वर झालेला त्याला दिसला.

"घे, नीट घे," तो खालूनच म्हणाला.

अंबुबाई वर बसली. "टोचतंय का वो?"

खोगीर कुठंच टोचत नव्हतं. पण त्याला काही "न्हाय" म्हणता येईना, आणि उत्तर आल्याशिवाय उतरायचं नाही म्हणून ती तशीच बसून राहिली.